विचारू नकोस, माझं होच आहे

“कुणाला विचारून काढलंस?”

“काढलं नाही, महाराज. बदललं.”

“कुणाला विचारून?”

“…तुम्हाला नंतर सांगणारच होतो. गुरुदक्षिणा म्हणून.”

महाराजांनी चिमटा फरशीवर असा आपटला की धुनीजवळचं मांजर उडी मारून पळालं. आम्ही बसूनच राहिलो. मांजराला तेवढी अक्कल असते.

महाराजांचं नाव भुवनगिरी. पाठीमागं आम्ही त्यांना भडकगिरी म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा पंगतीत वाढता वाढता माझ्यापुढं थांबले, म्हणाले, “काय रे सोंगाड्या, भडकगिरीच्या हातचं चालेल ना?” आणि तिखट रश्श्याचा डाव माझ्या खिरीत ओतला. मी खाल्ला. नाही म्हणायची सोय कुठं होती?

तर मोसम नदीच्या काठचा हा आमचा गोसाव्यांचा मठ. एका खोलीत देव, एका खोलीत कॉम्प्युटर. देवाच्या खोलीला कुलूप नाही. देव कोण नेणार? कॉम्प्युटरच्या खोलीला मात्र कुलूप, आणि त्याची किल्ली महाराजांच्या कमरेला, करदोड्यात ओवलेली. भगवी नेसायच्या आधी महाराज मोठमोठ्या कंपन्यांची मशिनं सांभाळायचे. आता ते एकच सांभाळतात.

ते मशीन काय करतं, तर फोन उचलतं.

आमच्याकडं कांदाचाळी फार. चाळीत उंदीर, उंदरामागं साप. कुणाला साप डसला की घरचा माणूस मठाचा नंबर लावतो. मशीन उचलतं आणि सांगतं, की आज लस कुठल्या दवाखान्यात आहे आणि कुठं संपली आहे. दवाखाने रोज मठाला कळवतात, मशीन लक्षात ठेवतं. आवाज महाराजांचाच भरलेला. “घाबरू नकोस! मांत्रिकाकडं गेलास तर तंगडी मोडीन! डसलेला पाय हलवू देऊ नकोस!” आणि मग दवाखान्याचं नाव. लोक सापाला भीत नाहीत एवढे त्या आवाजाला भितात. म्हणून नीट पोहोचतात.

आता महाराजांचे डोळे अधू झाले. पडद्यावरचं त्यांना धड दिसत नाही. मशीन कुणाच्या तरी हाती द्यायला हवं. तो कुणीतरी म्हणजे ओजस देवरे. मूळचा आमच्याच बागलाणातला पोरगा, पुण्याच्या बड्या कंपनीत इंजिनियर होता, नोकरी टाकून महाराजांच्या पायाशी आला. हुशार. इतका हुशार की आरती म्हणतानासुद्धा पुढच्या कडव्यावर असायचा.

आज त्याची दीक्षा होती. महाराज शेंडी कापणार, कानात मंत्र सांगणार आणि किल्ली देणार. अंगणात मांडव पडला होता. ओजसची आई सिंधूबाई खापरावरच्या मांड्यांचा डबा मांडीवर घेऊन पुढं बसली होती.

आणि सकाळीच गावातला शेतकरी कौतिक आला. डोळे लाल, पायात एकच चप्पल.

“कौतिक,” महाराज म्हणाले, “ह्याला सांग.”

“काय सांगू? मनी बायको मरी जाती, बुवा! मेलीच असती!”

“सांग.”

“काल दिवेलागणीला चाळीत सडके कांदे निवडत होती. घोणस डसली. मी तुमचा नंबर लावला. आवाज नाही. पुन्हा लावला. मुकाट. मला वाटलं, बुवाच गेला का काय.”

“मग?”

“मग जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं लस संपलेली. तिथून पार तालुक्याला. गाडीत तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं.”

“आता?”

“आता बोलते. मलाच शिव्या देते.” कौतिकनं बाहीनं नाक पुसलं. “पायाचं डॉक्टर काही सांगत नाही.”

…

ओजस पांढरा पडला होता. पण हुशार माणसाचं तोंड पांढरं पडलं तरी बंद पडत नाही.

“फार वाईट झालं, दादा. मला खरंच वाईट वाटतं. पण महाराज, सकाळी कळल्याबरोबर मी सगळं उलटवलं ना? पॅकेज मॅनेजर लक्षात ठेवतो. एक ओळ लिहिली, कालचं सगळं मागं फिरलं. आता फोन चालू आहे. लावून बघा.”

कौतिकनं खरंच लावला. त्याच्या मोबाइलमधून महाराजांचा आवाज अख्ख्या मांडवावर ओरडला, “घाबरू नकोस! मांत्रिकाकडं गेलास तर—”

“बंद कर ते!” महाराज स्वतःच्याच आवाजावर खेकसले.

मी हसलो. कुणी बघितलं नाही.

“मागं फिरलं म्हणतोस,” महाराज ओजसकडं वळले. “कौतिकच्या बायकोचा पाय फिरव मागं. लिही ओळ.”

“…”

“लिही! बोटं का थांबली?”



ओजसनं केलं काय होतं, ते मला समजलं तसं सांगतो. चुकलं तर कॉम्प्युटरवाल्यांनी हसून घ्यावं, मी तर त्यांना रोज हसतो. मशीनमध्ये एकेक काम आपापल्या डब्यात असतं. भाकरी, कालवण, लोणचं, त्या कामाला लागेल ते सगळं त्याच डब्यात. शेजारच्या डब्याशी देणं नाही, घेणं नाही, भांडण नाही. अशी अक्कल माणसांच्या शेजाराला कधी यायची! पण डबा आपला आपण उघडत नाही. तो उचलायला, मांडायला एक हात लागतो. मठाच्या मशीनमध्ये त्या हाताचं नाव पॉडमन. पुण्याच्या हापिसात ओजसला दुसऱ्या हाताची सवय, डॉकरची. हातात दोष कुणाच्याच नाही. पण मठाच्या मशीनमध्ये ते दोघे एका घरात नांदेनात.

आणि हे हात आणून देणारा असतो कोठीवाला. लिनक्सच्या घरचा. त्यालाच ओजस पॅकेज मॅनेजर म्हणतो. आमच्या मठाच्या कोठीवाल्यासारखाच किटकिट्या. पोहे मागा, म्हणेल, कांदा आणतो, शेंगदाणे आणतो, आणि फडताळात जागा नाही म्हणून साबुदाण्याची बरणी काढून टाकतो. चालेल का? असं विचारून उभा राहतो. उत्तर आल्याशिवाय बरणीला हात लावत नाही.

“काल सांजआरतीच्या आधी तुला किल्ली कशाला दिली होती?” महाराजांनी विचारलं.

“धूळ पुसायला.”

“आणि पासवर्ड?”

“शिकायला.”

“काय शिकलास?”

“महाराज, जुन्या हातानं काम चालत होतं, पण मला नव्यानं सफाईनं करता आलं असतं. डबे एका नजरेत दिसले असते. तुमच्या डोळ्यांना…”

“माझ्या डोळ्यांचं राहू दे. तुझे कुठं होते? कोठीवाल्याला नवा हात मागितलास. काय म्हणाला तो?”

“नाही म्हणाला. जुना आहे तोवर नवा बसत नाही म्हणाला.”

“मग?”

“मग मी… ओळीच्या शेवटी दोन शब्द जोडले.”

“कुठले?”

“एकाचा अर्थ, आड येईल ते काढून टाक.”

“आणि दुसऱ्याचा?”

ओजसनं कौतिककडं चोरून बघितलं.

“बोल की! तिकडं नळ्या लावून एक बाई पडली आहे, तिला कळू दे दुसऱ्याचा अर्थ काय!”

“…विचारू नकोस, माझं होच आहे.”

त्या दोन शब्दांतलं कौतिकला काही कळलं नसावं, पण हे शेवटचं त्याला कळलं. त्यानं मूठ आवळली.

“तरी,” महाराज म्हणाले, “तरी त्या कोठीवाल्यानं लिहून दाखवलं असेल. काय आणतो, काय काढतो.”

“हो. पडद्यावरून सरकत गेलं.”

“वाचलंस?”

“मी… चहा आणायला गेलो होतो.”

हे मात्र खरं. कपात साखर मीच जास्त घातली होती. मला काय माहीत तिकडं काय चाललंय?

“आलास, चहा प्यालास, मशीन बंद करून पुन्हा चालू केलंस. आणि आरतीला येऊन उभा राहिलास.”

“हो.”

“डबे?”

“डबे जागेवरच होते, महाराज. एकालाही धक्का लागला नव्हता.”

“आणि ते उचलणारा हात?”

“…नव्हता. नव्याला ते डबे माहीतच नव्हते.”

“आणि तू शब्द जोडला नसतास तर? कोठीवाल्यानं तोंडावर विचारलं असतं. तेव्हा तू ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही, नुसता एंटर दाबून गप्प बसला असतास तर त्यानं काय केलं असतं?”

“आपल्या मशीनवर? काहीच नसतं केलं. आपला कोठीवाला गप्प राहण्याचा अर्थ ‘नाही’च धरतो. काम थांबवलं, असं लिहितो आणि बाजूला होतो.”

“पत्र्याच्या खोक्याला जे कळतं…” महाराजांनी वाक्य तोडलं. रागानं त्यांच्या हनुवटीवरची राख झडत होती.

इथं ओजसनं गप्प बसायला हवं होतं. पण तो आता स्वतः चिडला होता. मोठ्यांनी चारचौघांत कान पिळला की हुशार माणूस चूक विसरतो, कान लक्षात ठेवतो.

“महाराज, चूक मान्य आहे. हजारदा मान्य आहे. दादांच्या घरी जाऊन पाया पडेन. पण हे शब्द मीच एकटा जोडतो का? सगळे जोडतात! आमच्या हापिसात कुणी ते वाचत नाही. दिवसभर तेच वाचत बसलं तर कामं कधी करायची? आणि दीक्षेचा ह्याच्याशी काय संबंध? इतकी वर्षं अंगण सारवलं, राख चाळली, तुमच्या शिव्या खाल्ल्या. मुहूर्त निघून चाललाय. आई एवढ्या लांबून आली आहे.”

सिंधूबाईंनी डबा मांडीवर सारखा केला.

महाराज गप्प बसले.

भडकगिरी ओरडतात तेव्हा आम्हाला चिंता नसते. ते गप्प बसले की आम्ही आपापले जोडे कुठं आहेत ते बघतो.

…

“ये,” ते म्हणाले. “बस पुढ्यात.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कौतिकचा सोडून. तो मांडवाच्या खांबाला धरून म्हणाला, “देताय ह्याला? किल्ली? ह्याला?”

“तू उभा राहा तिथंच,” महाराज म्हणाले.

ओजस धुनीसमोर मांडी घालून बसला. मी कात्री आणून दिली. महाराजांनी डाव्या हातात त्याची शेंडी धरली. कात्री उघडली आणि तशीच धरून ठेवली.

आमच्या मठात दीक्षेच्या वेळी गुरू विचारतो आणि शिष्य म्हणतो, “हो, महाराज.” दुसरं कुणी काही म्हणाल्याचं मठात कुणाला आठवत नाही. मला दीक्षा दिली तेव्हा मी एका कानानं बहिरा होतो आणि गुरू बरोबर त्याच बाजूला बसले होते. तरी माझं एकही उत्तर चुकलं नाही.

महाराज पुटपुटल्यासारखे, भराभर विचारू लागले.

“भगवं नेसशील?”

“हो, महाराज.”

“ह्या धुनीची राख लावशील?”

“हो, महाराज.”

“मिळेल ते वाटून खाशील, न मिळेल त्याला नावं ठेवणार नाहीस?”

“हो, महाराज.”

“दारी आलेल्याला जात विचारणार नाहीस?”

“हो, महाराज.”

ओजसची नजर महाराजांच्या कमरेवर होती. करदोड्याला किल्ली लोंबत होती, हलत होती. त्याचं डोकंही तिच्याबरोबर हलत होतं.

“ही समोर बसलेली बाई आजपासून तुझी कोणी नाही. ती मेली तरी तुला सांगावा नको. कबूल?”

“हो, महाराज.”

“चिमटा जपशील?”

“हो, महाराज.”

टक्.

सिंधूबाईंनी मांड्यांच्या डब्याचं झाकण लावलं होतं. एवढाच आवाज.

आमच्या मठात दीक्षा घेतली म्हणून आई तुटत नाही. महाराज स्वतः दर भाऊबीजेला बहिणीकडं जातात, तिच्यावर खेकसतात आणि दोन दिवसांचं जेवून येतात. हा प्रश्न दीक्षेत नव्हताच. मी महाराजांकडं बघितलं. ते ओजसकडं बघत होते.

ओजसला मांडव शांत झाल्याचं उशिरा कळलं.

“काय… झालं?”

“काय म्हणालास तू?” महाराज.

“हो म्हणालो.”

“कशाला?”

“तुम्ही विचारलंत त्याला.”

“काय विचारलं मी?”

“…”

“मी सांगते,” सिंधूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज सरळ होता, पाटीवर रेघ मारावी तसा. “मी मेले तर तुला कळवायचं नाही, असं विचारलं त्यांनी. तू हो म्हणालास.”

ओजस ताडकन उभा राहिला. शेंडी महाराजांच्या मुठीत होती, त्यामुळं पुन्हा खाली बसला.

“ही फसवणूक आहे, महाराज! असं मधेच कुणी घुसडतं का? दीक्षेत असं काही नसतं! मला काय माहीत तुम्ही…”

“तुला सांगितलं. तोंडानं, मोठ्यानं. कोठीवाल्यानं तर लिहून दाखवलं होतं.”

“पण दीक्षेत सगळे होच म्हणतात! कोण ऐकतं एकेक शब्द?”

“सगळे म्हणतात ना?”

“हो! म्हणजे…” ओजसनं जीभ चावली.

“आई, तुला कळतंय ना, मी ऐकलंच नव्हतं!” तो सिंधूबाईंकडं वळला, शेंडी ताणली जाऊन डोळ्यांत पाणी आलं, का पाणी आधीच होतं, देव जाणे. “ऐकलं असतं तर म्हणालो असतो का मी?”

“तू लहानपणीही असाच,” त्या म्हणाल्या. “वाढू का म्हटलं की हो. काय वाढते ते बघायचं नाही. मग ताटात कारलं दिसलं की माझ्यावर ओरडायचास.”

मांडवात कुणीतरी हसलं. मी नव्हतो. त्या दिवशी एवढंच एक हसणं माझं नव्हतं.

“चूक झाली, आई. मागं घेतो. महाराज, मी माझं हो मागं घेतो.”

“तिच्या कानातून घे,” महाराज गरजले. “जा, घे काढून! पुण्याला शिकलास ना? ओळ लिही!”

मांडवाच्या कापडावरचे पारवे उडाले. कौतिकही दोन पावलं मागं सरला. त्याला पहिल्यांदाच ओजसची कीव आलेली दिसली.

महाराजांनी कात्री पुढं केली. कात्रीची पाती शेंडीच्या दोन बाजूंना आली.

“पुन्हा विचारतो,” ते म्हणाले. आवाज आता अगदी खाली आला होता आणि म्हणून जास्त वाईट होता. “मधे काही घुसडत नाही. एकच प्रश्न. हो म्हणालास तर मी कापतो, मंत्र देतो, तू गोसावी झालास. ऐक नीट. ही बाई तुझी कोणी नाही. कबूल?”

ओजसनं तोंड उघडलं.

त्याच्या ओठांवर ‘ह’ आला. आम्ही सगळ्यांनी बघितला. इतक्या वर्षांची सवय, ती का अशी जाते?

…

त्यानं तोंड मिटलं.

महाराजांच्या कमरेकडं त्यानं बघितलं नाही. आईकडंही बघितलं नाही. धुनीकडं बघत राहिला.

“मुहूर्त चाललाय,” महाराज म्हणाले.

…

“आई लांबून आली आहे.”

…

“सगळे हो म्हणतात.”

…

ओजसच्या नाकावरून घाम खाली पडला. धुनीच्या कडेच्या तापलेल्या दगडावर चुर्र झालं. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. पोरगा दगडासारखा बसला होता. मी एवढी वर्षं त्याच्या खोड्या काढल्या, त्याच्या चहात मीठ घातलं, त्याच्या जोड्यांत खडे टाकले. इतका वेळ त्याला गप्प बसलेलं मी कधीच बघितलं नव्हतं.

मांजर परत आलं. त्याच्या गुडघ्याला टेकून बसलं.

महाराजांनी कात्री मिटली. मुठीतली शेंडी सोडली. मग कमरेला हात घातला. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना गाठ सापडत नव्हती. रागारागानं त्यांनी हिसका दिला, तसा करदोडाच तुटला.

त्यांनी किल्ली ओजसच्या मांडीवर फेकली.

“शेंडी राहू दे,” ते म्हणाले. “किल्ली घे.”